जलपर्णीच्या पानांवर तपकिरी ठिपके : हीच बुरशी वाढवून तलाव साफ होईल का?

तलावपाळीकर | सोमवार, रात्री ९.१०

घोडबंदर पट्ट्यातला एक जुना तलाव आहे, ६० गुंठ्यांच्या आसपास. तीन बाजूंनी इमारती, चौथ्या बाजूने नाला येऊन मिळतो. पाऊस संपल्यापासून जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत. दरवर्षी पोकलेन लावून काढतात, चार महिन्यांत जैसे थे.

या वेळी पानांवर तपकिरी ठिपके आहेत, काही ठिकाणी अख्खे पान करपलेले. तलाव गटात लगेच सूचना आली की ही बुरशी आहे, हीच वाढवून फवारू. रसायन नको आणि पोकलेनचा खर्चही नको. एकाने तर रोगट पाने मिक्सरला लावून पाण्यात कालवायची कृतीच टाकली.

ठिपके बुरशीचेच हे कसे ओळखायचे? असे कुठे यशस्वी झाले आहे का? ६० गुंठ्यांना किती माल लागेल? परवानगी कुणाची? जाणकारांनी सविस्तर लिहावे, गटात पुढे पाठवायचे आहे.

वाशी_सेक्टर_९ | सोमवार, रात्री ९.२६

मिक्सर वेगळा घ्या म्हणजे झालं.

पेट्रीडिश | सोमवार, रात्री ११.०२

आधी ठिपक्यांचे बघू. जलपर्णीचे पान तपकिरी होण्याची निदान पाच कारणे आपल्याकडे असू शकतात, आणि त्यातली सगळी बुरशीची नाहीत.

पानाच्या वरच्या बाजूला ३–४ मिमीचे, खरवडल्यासारखे फिकट चट्टे आणि त्यांच्या कडा ठळक असतील तर ते सोंड्या भुंग्याने खाल्लेले आहे. शिरांच्या मधोमध समांतर बारीक बोगदे, उजेडात धरल्यावर पारदर्शक दिसणारे, असतील तर कोळी (जाळे विणणारा नव्हे, पान पोखरणारा सूक्ष्म जीव). फक्त पानांच्या कडा एकसारख्या करपल्या असतील आणि तलावाचा खाडीशी संबंध असेल तर खारेपणा तपासा. आणि सगळा ताटवा एकाच वेळी, एकाच उंचीवर करपला असेल तर कुणीतरी गुपचूप तणनाशक मारले आहे असे समजा.

बुरशीचे ठिपके असे सारखे पसरत नाहीत. ते जुन्या पानांवर आधी येतात, त्यांच्याभोवती पिवळी किनार असते. जलपर्णीवरच्या बुरशींपैकी अल्टर्नेरियाचे डाग लांबट असतात आणि वाढत वाढत एकमेकांत मिसळतात. सर्कोस्पोराचे ठिपके बारीक, गडद, पानावर आणि देठावरही. पुढे पान टोकाकडून वाळत येते. ॲक्रेमोनियमच्या डागात एकात एक वलये दिसतात. मायरोथेशियम असेल तर डाग थेंबाच्या आकाराचा, आणि दमट हवेत त्यावर पांढऱ्या काठाचे काळपट हिरवे पुंजके उठतात.

भिंगाने एवढे बघा: रोगट पान ओल्या टिश्यूवर, झाकणाच्या डब्यात, खोलीच्या तापमानाला २ दिवस ठेवायचे. डागावर धूळ बसल्यासारखी करडी-काळी वाढ आली तर बुरशी असण्याची शक्यता वाढली. सिद्ध मात्र काहीच झाले नाही, कारण मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या बुरशीही अशाच येतात. भुंग्याने पोखरलेल्या पानावर अल्टर्नेरिया सापडणे हे तर नेहमीचेच.

तलावपाळीकर | मंगळवार, सकाळी ७.४५

धन्यवाद. फोटो नीट पाहिले. वरच्या बाजूला चौकोनी-गोल खरवडलेले चट्टेही आहेत आणि पिवळ्या किनारीचे लांबट डागही. म्हणजे दोन्ही?

ऐरोली_कांदळवन | मंगळवार, सकाळी ८.३०

दोन्ही, आणि ही चांगली बातमी आहे. निओकेटिना हे सोंडे मूळचे दक्षिण अमेरिकेचे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळुरूला आणून सोडले आणि पुढे देशभर अनेक जलाशयांत नेले. प्रौढ ४–५ मिमीचा, निशाचर. दिवसा रोपाच्या गाभ्यात दडलेला असतो, म्हणून वरून दिसत नाही. मोजायचे असतील तर १०–१२ रोपे मुळांसकट उचलून बादलीत जाळीखाली दाबून तासभर पाण्यात बुडवून ठेवा. गुदमरून वर येतात. रोपामागे सरासरी ५ किंवा जास्त प्रौढ मिळाले तर संख्या कामाची, १–२ असतील तर नुसती हजेरी.

भुंग्याच्या प्रत्येक चट्ट्यावर पानाचे मेणचट आवरण तुटलेले असते आणि बुरशीला तिथून आत शिरायला सोपे जाते. अळी देठ पोखरते, तिथून कूज आत जाते. फ्लोरिडात भुंगे आणि सर्कोस्पोरा एकत्र वापरून झालेल्या प्रयोगांत दोघांचा मिळून परिणाम एकेकट्यापेक्षा चांगला दिसला होता.

पेट्रीडिश | मंगळवार, दुपारी १.१५

आता "कुठे झाले आहे का" याचे उत्तर. इथे दोन वेगळ्या पद्धतींची गल्लत होते.

पहिली पद्धत : तणाच्या मायदेशातून त्याचा खास रोग आणायचा, एकदा सोडायचा, पुढे तो आपणहून पसरतो. यात बहुतेक तांबेरे (पानांवर गंजासारखे पुरळ आणणाऱ्या बुरशी) असतात, कारण तांबेरा निवडक असतो, एका यजमानाशिवाय सहसा जगत नाही. ऑस्ट्रेलियात स्केलेटन वीड नावाच्या तणावर १९७१ साली, आणि रबरवेलीवर १९९५ साली मादागास्करचा तांबेरा सोडला. दोन्ही ठिकाणी फरक पडला. आपल्याकडे मिकानिया या वेलीसारख्या तणावर पक्सिनिया स्पेगॅझिनी हा तांबेरा आसामात २००५ साली आणि केरळात २००६ साली सोडला. तो आपल्याकडे टिकला नाही. तैवान, फिजी, पापुआ न्यू गिनीत तोच तांबेरा बसला. म्हणजे बुरशी तीच असली तरी हवामान, रोपाचा वाण, सोडण्याची वेळ यांवर सगळे अवलंबून.

दुसरी पद्धत : स्थानिक बुरशीच घ्यायची, प्रयोगशाळेत वाढवायची आणि तणनाशकासारखी भरपूर मारायची. दरवर्षी मारावी लागते. अमेरिकेत १९८२ साली कोलेगो नावाने भात आणि सोयाबीनमधल्या एका शेंगवर्गीय तणासाठी अशी बुरशी बाजारात आली. त्याच्या आदल्या वर्षी डिव्हाइन आले, फ्लोरिडाच्या संत्र्याच्या बागांतल्या एका वेलीसाठी. ते फायटोप्थोरा, शास्त्राच्या काटेकोर हिशोबात बुरशी नव्हे. ते इतके चालले की एकदा मारले की जमिनीत वर्षानुवर्षे टिकायचे, आणि गिऱ्हाईक परत यायचेच नाही.

जलपर्णीवर मात्र दुकानात मिळणारे असे यशस्वी उत्पादन उभे राहिले नाही. फ्लोरिडातल्या रॉडमन जलाशयात १९७०च्या दशकात जलपर्णी आपोआप खराब झाली, तिथून कॉनवे यांनी १९७६ साली सर्कोस्पोरा रॉडमनाय वर्णन केली. ॲबट कंपनीने ती तणनाशक म्हणून विकसित करायला घेतली, ती बाजारापर्यंत पोचली नाही. अल्टर्नेरिया आयकॉर्नी तर आपलीच. नाग राज आणि पोन्नप्पा यांनी भारतातूनच १९७० साली वर्णन केली. पुढे इजिप्तमध्ये शबाना यांनी तिच्यावर बरेच काम केले, विशेषतः तेलातल्या मिश्रणावर.

नळजोड_अभियंता | मंगळवार, दुपारी २.०५

मग चाळीस-पन्नास वर्षे काम होऊनही अडले कुठे?

पेट्रीडिश | मंगळवार, दुपारी ३.३०

पानांच्या शर्यतीत.

भरपूर खत असलेल्या पाण्यात जलपर्णीला दर ५–६ दिवसांनी एक नवे पान येते. रोपावर जिवंत पाने साधारण ६–८. बुरशी नव्या, चकचकीत पानावर लवकर बसत नाही, जुन्यावर बसते. समजा लागण झाल्यापासून पान मरायला १५ दिवस लागले. तेवढ्यात रोपाने तीन नवी पाने आणि एक पिल्लूही काढलेले असते. रोग दिसतो, फोटोत छान येतो, आणि ताटवा तेवढाच राहतो. फ्लोरिडाच्या कामातून हेच निघाले: बुरशीने पाने मारण्याचा वेग रोपाच्या पान काढण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तरच रोप मरते.

तुमच्या तलावात हे मोजता येईल, प्रयोगशाळा लागत नाही. काठापासून वेगवेगळ्या अंतरावरची २० रोपे निवडा. प्रत्येकात सगळ्यात नव्या, पूर्ण उघडलेल्या पानाच्या देठाला रंगीत प्लॅस्टिकची तार सैल बांधा. घट्ट बांधली तर देठ तिथेच मोडतो. जिवंत पाने मोजून ठेवा. पान अर्ध्याहून जास्त हिरवे असेल तर जिवंत, नाहीतर मेलेले. हा नियम सर्वांनी एकच ठेवा. १५ दिवसांनी तारेच्या वर किती नवी आली आणि एकूण किती मेली ते लिहा. नवी जास्त असतील तर बुरशी हरते आहे. मेलेली सलग दोन मोजण्यांत जास्त निघाली तर पुढच्या गोष्टी बोलू.

नळजोड_अभियंता | मंगळवार, सायं. ६.२०

मग मुख्य आरोपी नाला आहे. पाण्यात नायट्रोजन लिटरला ५–६ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की जलपर्णीची वाढ जवळजवळ कमाल असते. घरगुती मैलापाण्यात तो २० ते ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे मैलापाणी चौपट पातळ झाले तरी रोपाची चैन.

नाला पावसाळी आहे असे कागदावर असते. जानेवारी ते मेमध्येही त्यात पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही, कुठल्या तरी इमारतीची जोडणी चुकीच्या वाहिनीत गेलेली आहे. पहाटे ५ ते ८ आणि रात्री ८ ते १० या वेळांत प्रवाह वाढतो का बघा. वाढत असेल तर घरांचेच पाणी. मग मॅनहोल-मॅनहोल मागे जात फ्लोरेसिन रंग टाकून जोडणी सापडते. तलावाच्या तोंडाशी वळणनळ टाकून उन्हाळी प्रवाह मलवाहिनीत घेणे हे शहरात सगळ्यात लवकर होण्यासारखे काम आहे. पावसाळ्यात झडप उघडी ठेवावी लागते, नाहीतर वस्तीत पाणी तुंबते आणि मग लोक झडपच काढून टाकतात.

शहापूर_भातवाला | बुधवार, सकाळी ६.५०

मिक्सरच्या कृतीबद्दल कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. करू नका.

रोगट पानाच्या लगद्यात रोगकारक बुरशीचे बीजाणू किती हे माहीत नाही. जिवाणू आणि मेलेल्यावर जगणाऱ्या बुरशीच जास्त. नाल्याच्या पाण्यातले जंतू आहेतच. हे फवारले तर उडणाऱ्या तुषारांतून माणसाच्या नाकात जाणार. शिवाय त्यात मायरोथेशियम असेल तर ती टोमॅटो, काकडीवर्गीय पिके, कापूस, सोयाबीन अशा बऱ्याच झाडांवर जाते, आणि तिची काही विषे त्वचेला आणि पोटाला घातक आहेत. तलावाशेजारी गच्चीवर टोमॅटो लावणारे असतीलच.

शेतीसेवा केंद्रात मिळणारे ट्रायकोडर्मा किंवा ब्यूव्हेरियाही इथे उपयोगाचे नाही. पहिले मुळाच्या रोगांवर, दुसरे किडींवर. उलट ब्यूव्हेरिया मारलीत तर तुमचे सोंडेच मरतील.

तलावपाळीकर | बुधवार, सकाळी ८.१५

मिक्सर बंद. पण समजा कुणा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने मनावर घेतले, तर पद्धत काय आणि माल किती? गटातल्या उत्साही मंडळींना आकडा दाखवायचा आहे.

पेट्रीडिश | बुधवार, रात्री १०.४०

प्रयोगशाळेपुरते लिहितो. हे तलावात सोडण्यासाठी नाही, रोगाचे कारण सिद्ध करण्यासाठी आहे.

माध्यम : २०० ग्रॅम सोललेला बटाटा उकडून गाळलेले पाणी, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५–२० ग्रॅम अगर, सगळे मिळून १ लिटर. तयार पावडर घेतली तर बहुतेक डब्यांवर लिटरला ३९ ग्रॅम लिहिलेले असते. ऑटोक्लेव्ह १५ पौंड, १२१ अंश, १५–२० मिनिटे. जिवाणू थांबवायला क्लोरॅम्फेनिकॉल किंवा स्ट्रेप्टोमायसिन. स्ट्रेप्टोमायसिन मात्र माध्यम ५० अंशाच्या आसपास उतरल्यावरच, गरम माध्यमात ते निकामी होते.

पानाचा तुकडा डागाच्या मधून घेऊ नका. कडेवरून घ्या, अर्धा हिरवा अर्धा तपकिरी, ३–५ मिमी. मधला भाग मेलेला असतो आणि तिथे आगंतुक बुरशी आधी पोचलेल्या असतात. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये साधारण १ मिनिट. जलपर्णीचे पान आतून स्पंजासारखे पोकळ असते, जास्त वेळ ठेवले की क्लोरीन आत शिरून आपल्याला हवी तीच बुरशी मरते. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचे, निर्जंतुक कागदावर टिपायचे, एका प्लेटमध्ये चार तुकडे. २५–२८ अंशाला ३–५ दिवस. बाहेर येणाऱ्या वाढीच्या टोकाचा एक तंतू उचलून नव्या प्लेटमध्ये न्यायचा. अल्टर्नेरिया आयकॉर्नी असेल तर माध्यमात लालसर रंग उतरतो, तो बोस्ट्रिसिन या तिच्या विषाचा.

पुढे निरोगी रोपे टबात, बीजाणू अधिक ०.०५ टक्के ट्वीन-२० (थेंब पानावर पसरवणारे द्रव्य) फवारून, २४–४८ तास प्लॅस्टिक पिशवीने झाकून. शेजारी तेवढीच रोपे नुसत्या पाणी-ट्वीनवर. तेच डाग आले, त्यातून तीच बुरशी पुन्हा निघाली, आणि पाणीवाली रोपे स्वच्छ राहिली, तरच ती रोगकारक. पाणीवाल्या रोपांवरही डाग आले तर तुम्ही तलावातूनच लागण झालेली रोपे आणली आहेत. बाहेरून आणलेली रोपे आधी तीन-चार आठवडे वेगळी ठेवून फक्त नवी पाने वापरा.

ओळख पटवायला पुण्याच्या आघारकर संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. नुसत्या आयटीएस क्रमावर (बुरशी ओळखायला नेहमी वाचतात तो डीएनएचा तुकडा) विसंबू नका. अल्टर्नेरियाच्या लहान बीजाणूंच्या गटात तो क्रम जवळजवळ सारखाच येतो. आणखी दोन-तीन जनुके आणि बीजाणूंचा आकार लागतो. हा भेद महत्त्वाचा आहे. अल्टर्नेरिया अल्टर्नाटा निघाली तर ती शेकडो झाडांवर जगते आणि दम्याच्या रुग्णांना तिच्या बीजाणूंची ॲलर्जी असते. इमारतींच्या मधोमध ती पंपाने उडवायची कल्पना तिथेच संपते.

पेट्रीडिश | बुधवार, रात्री ११.१०

आता तो आकडा.

प्रयोगांत नेहमीची तीव्रता मिलीला १० लाख बीजाणू. पान नीट ओले व्हायला चौरस मीटरला १०० मिली धरू. ६० गुंठे म्हणजे साधारण ६,००० चौरस मीटर, म्हणजे ६०० लिटर, १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाच्या ३७–३८ खेपा. बीजाणू लागतील ६० हजार कोटी. एका प्लेटमधून उदारपणे १ कोटी मिळाले असे धरले तरी ६० हजार प्लेट. एका फवारणीला.

म्हणून कुणी प्लेटवर वाढवत नाही. धान्यावर नाहीतर द्रवात तंतू वाढवून, बारीक करून वापरतात. तिथेही प्रत्येक घाण्याची शुद्धता तपासावी लागते.

मोजणी हिमोसायटोमीटरने (सूक्ष्मदर्शकाखालची चौकटी आखलेली काच) : मधल्या १ चौरस मिमीमधले बीजाणू मोजून १०,००० ने गुणायचे. मिलीला १० लाख हवे तर तिथे १०० दिसले पाहिजेत. अल्टर्नेरियाचे बीजाणू जड, पटकन तळाला बसतात; थेंब घेण्याआधी कुपी हलवली नाही तर आकडा निम्मा येतो, आणि पंपातही हेच होते.

शहापूर_भातवाला | गुरुवार, सकाळी ७.२०

आणि दव? जलपर्णीवर बुरशी चढवायची तर पान ओले राहिले पाहिजे. आपल्याकडे पावसात पान ओले असते पण धार बीजाणू धुऊन नेते. एप्रिल-मेमध्ये ऊन दहा वाजताच पान कोरडे करते. राहिला तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटेच्या दवाचा काळ, त्यातही संध्याकाळी फवारणी.

पेट्रीडिश | गुरुवार, सकाळी ९.००

बरोबर. बीजाणू रुजून आत शिरेपर्यंत पान सलग ओले लागते, आणि मध्येच सुकले तर रुजलेला बीजाणू मरतो. यासाठीच इजिप्तच्या कामात तेलाचे उलटे इमल्शन वापरले, म्हणजे तेलाच्या आवरणात पाण्याचे थेंब, पान कोरडे असले तरी बीजाणू ओला. त्याच्या दोन अडचणी. मिश्रण इतके घट्ट होते की साधे नोझल गच्च बसते. आणि तेल स्वतःच पान करपवते, त्यामुळे नुसत्या तेलाची एक तुकडी सोबत ठेवली नाही तर श्रेय बुरशीला द्यायचे की तेलाला हे कळतच नाही. असले "यश" बऱ्याच वर्तमानपत्री बातम्यांत असते.

खारघर_टेकडी | गुरुवार, दुपारी १२.३५

थोडे विषयांतर. आमच्याकडे मोकळ्या भूखंडांवर गाजरगवत माजले आहे. त्यावरही तांबेरा आहे ना?

पेट्रीडिश | गुरुवार, दुपारी १.००

आहे. हिवाळी तांबेरा पक्सिनिया ॲब्रप्टा भारतात आढळतो, पण त्याला थंड रात्री लागतात, १५–२० अंश, आणि पानावर कित्येक तास दव. म्हणून तो उंच, थंड भागात दिसतो. खारघरला जेव्हा तेवढी थंडी असते तेव्हा गाजरगवत वाळायला लागलेले असते. दुसरा, उन्हाळी तांबेरा, ऑस्ट्रेलियात २००० साली सोडला. तुम्ही भूखंडावर मेक्सिकन भुंगा झायगोग्रामा शोधा, पिवळसर पाठीवर गडद नागमोडी रेघा. १९८४ पासून तो आपल्या देशात सोडलेला आहे. पावसाळ्यात गवत मारू नका, तो तेव्हाच काम करतो. फुले येण्याआधी उपटायचे ते भुंगा नसलेल्या पट्ट्यात.

शहापूर_भातवाला | गुरुवार, रात्री ८.१५

परवानगीचे. कीटकनाशक कायदा १९६८ मध्ये नाव कीटकनाशक असले तरी तणनाशक आणि सूक्ष्मजीवांची उत्पादनेही येतात. विकायला, वाटायला केंद्रीय नोंदणी समितीची नोंदणी लागते, त्यासाठी विषारीपणा, बीजाणूंची संख्या, टिकाऊपणा, पर्यावरणावरचा परिणाम असा सगळा डेटा. परदेशी बुरशी किंवा कीटक आणायचा तर २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश. हे गटाचे काम नाही, संशोधन संस्थेचे आहे. ग्लायफोसेटचा सल्ला कुणी दिला तर त्यालाही सांगा, ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरावे असा केंद्राचा २०२२ चा आदेश आहे, आजची स्थिती आधी तपासा.

आणि इतर झाडांवरची चाचणी. नियम असा की तणाच्या सख्ख्या नातलगांपासून सुरू करून बाहेर बाहेर जायचे. जलपर्णीच्या कुळातली मोनोकोरिया आपल्या भातखाचरांत उगवते, ती आधी. मग केना, कर्दळ, केळ, अळू, आणि भात तर हवाच. ठाण्याचा तलाव भरला की पाणी नाल्याने पुढे जाते, बुरशी वाऱ्याने. भिवंडी-कल्याणची खाचरे काही फार लांब नाहीत.

ऐरोली_कांदळवन | शुक्रवार, सकाळी ७.३०

माझे मत, बुरशी फवारायची नाही, आहे ती राहू द्यायची. खरी चूक पोकलेनच्या पद्धतीत आहे. दरवर्षी सगळी जलपर्णी काढता, तिच्यासोबत सगळे सोंडे आणि सगळी रोगट पानेही काढता. मग उरलेल्या तुकड्यांतून आणि गाळातल्या बियांतून, ज्या १५–२० वर्षे जगतात, स्वच्छ निरोगी पीक येते.

सोंड्याची एक पिढी साधारण तीन-चार महिन्यांची. त्याला संख्या गाठायला २ ते ४ वर्षे लागतात. व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ नंतर सोंडे सोडले, परिणाम दिसायला तीनेक वर्षे गेली. तुम्ही त्याला एक वर्षही देत नाही.

असे करा. नाल्याच्या विरुद्ध कोपऱ्यात ५–६ गुंठे जलपर्णी बूम (पाण्यावर तरंगता अडसर) लावून कायम ठेवा. जिथे चट्टे आणि डाग जास्त आहेत तीच रोपे तिथे ढकला. बाकीची काढा. पुढच्या वाढीत या कोपऱ्यातली बुडाखाली सोंडे असलेली रोपे दर महिन्याला मोकळ्या भागातल्या नव्या ताटव्यांत टाका. बुरशी त्यांच्या जखमांतून आपोआप जाईल.

नळजोड_अभियंता | शुक्रवार, सकाळी ९.४५

काढण्याचा क्रम महत्त्वाचा. दाट ताटव्याचे ओले वजन चौरस मीटरला २०–४० किलो. ३० धरले तर ६० गुंठ्यांत १८० टन. त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी. हे सगळे जागेवरच मेले, बुरशीने मेले काय किंवा औषधाने, ते तळाला बसून सडणार आणि प्राणवायू संपून मासे वर येणार. तेव्हा नैसर्गिक म्हणून निर्धास्त राहू नका. आधी यंत्राने काढणे, मग उरलेल्यावर भुंगा-बुरशी.

डंपर वजनाने भरत नाही, आकारमानाने भरतो. फुगीर देठांमुळे १० टनी डंपरात त्याच्या निम्मेही बसत नाही. काठावर ३–४ दिवस निथळू द्या, खेपा खूप वाचतात. पण काठाचा उतार तलावाकडे असेल तर निथळलेले खत परत आत. उलट्या बाजूला चर काढा.

वाशी_सेक्टर_९ | शुक्रवार, सकाळी १०.१०

उल्हास नदीवर, मोहन्याच्या बाजूला, पावसाळ्यात वाहून जाते तसे इथे नाही का होणार?

ऐरोली_कांदळवन | शुक्रवार, सकाळी १०.४०

नदीत पूर तिला खाडीपर्यंत नेतो आणि खारे पाणी मारते. बंद तलावाला ते सुख नाही. आणि कृपया तलावात मीठ टाकण्याची कृती कुणी सुचवू नका.

तलावपाळीकर | शनिवार, रात्री ९.००

सर्वांचे आभार. गटात ठरले: पहिल्यांदा तारा बांधून पाने मोजणे, त्यासोबत सोंड्यांची मोजणी, नाल्याचा प्रवाह पहाटे आणि रात्री. महापालिकेला पत्र वळणनळासाठी आणि कोपरा राखून ठेवण्याच्या लेखी परवानगीसाठी. बुरशीची ओळख पटवायला एका महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागाला विचारले आहे, फक्त प्रयोगशाळेपुरते.

काढलेल्या जलपर्णीचे खत करून सोसायट्यांना द्यायचे का?

शहापूर_भातवाला | शनिवार, रात्री ९.३५

नाल्यावर वर्कशॉप, प्लेटिंगचे गाळे किंवा गॅरेज असतील तर आधी खत जड धातूंसाठी तपासून घ्या. जलपर्णी शिसे, कॅडमियम, क्रोमियम मुळांत साठवते. स्वच्छ निघाले तरी बागेतल्या फुलझाडांपुरतेच. ढीग १ मीटरहून उंच, वाळलेला पालापाचोळा एकाआड एक थर, दर आठवड्याला उलटा. आत ५५–६० अंश तापला नाही तर फुले आलेल्या रोपांतले बी जिवंत राहते. कुणी ते खत कमळाच्या टाकीत घातले की पुढचा धागा त्या टाकीवर निघेल.

ऐरोली_कांदळवन | शनिवार, रात्री १०.०५

बूमबद्दल राहिले. नुसता तरंगता दोर पुरत नाही, रोपे एकमेकांना रेटून खालून सरकतात. दोराला जाळीचा ३०–४० सेंमीचा पडदा खाली सोडा, वजन लावून. आणि जूनच्या सुरुवातीला दोन्ही टोकांच्या गाठी सैल करा. पाणी अर्धा मीटर चढले की ताणलेली बूम एक तर तुटते, नाहीतर काठाचा खुंट उपटून आणते.